पहार, सुरुंग आणि क्रशर : दख्खनच्या दगडखाणींतील जोखमीचा इतिहास

दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने झाकला. हा दगड कठीण आहे, पण अखंड नाही. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल, मऊ, मातकट पट्टा सापडतो. पावसाचे पाणी उभ्या भेगेतून खाली उतरते, लाल पट्ट्यापाशी अडते, तो पट्टा बुळबुळीत होतो आणि वरचा कित्येक टनांचा दगड पुढे सरकतो. दगडखाणीत कडा कोसळून होणाऱ्या अपघातांचे मूळ या रचनेत आहे. पावसाळ्यात खाणी बंद ठेवण्याची जुनी रीत त्यातूनच आली, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर घाईने कामाला लागणे का घातक ठरते, तेही यावरून कळते.

या दगडात माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे काम करत आला आहे. लेणी खोदणाऱ्यांनी पाळलेला एक नियम आजही खाणकामाच्या मुळाशी आहे : काम वरून खाली न्यायचे. अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या अपुऱ्या लेण्यात खोदाईचे टप्पे अजून दिसतात. आधी छत साफ केलेले, त्याखाली खांबांचे नुसते ठोकळे, जमिनीचे काम तर बाकीच. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून सुमारे तीस मीटर खाली उतरवत नेले. या पद्धतीने पाडाची गरज पुष्कळ कमी होते आणि डोक्यावर पोखरलेला, लोंबता दगड राहत नाही. मोठा धोका असा टळला. लहान धोके उरले ते छिन्नी, हातोडा आणि पाचरीचे : डोळ्यात उडणारी कपची, चेचलेले बोट, पायावर आलेला चिरा. अजिंठ्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. दगड फोडणाऱ्यांच्या जखमांविषयी त्यांत काही सापडत नाही, आणि नोंदीतली ही पोकळी पुढे फार काळ तशीच राहिली.

पुढच्या काळात हे काम पाथरवट आणि वडार समाजाकडे राहिले. गाडी वडार दगड काढून गाडीने वाहत, माती वडार मातीकाम करत, जाते वडार जाती-पाटे घडवत. त्यांच्याजवळचे सुरक्षेचे ज्ञान कुठे लिहिलेले नव्हते. ते कानात होते. घणाचा ठोका घालून दगडाचा आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड एकसंध, बद्द वाजला तर आत भेग. बद्द वाजणाऱ्या दगडाखाली उभे राहायचे नाही. खाणशास्त्रानेही हीच परीक्षा स्वीकारली आणि कामाला लागण्यापूर्वी कड्याचा सुटा दगड ठोकून, पहारीने पाडून घेणे हे प्रशिक्षित माणसाचे कर्तव्य ठरवले. वडार समाजाचा समावेश आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्या लोकांच्या हातांनी घाट, धरणे आणि किल्ल्यांचे दगड निघाले, त्यांच्याकडे राज्यकर्त्यांनी दीर्घकाळ संशयाने पाहिले. जखमी झाल्यावर सरकारी कचेरीची पायरी चढणे त्यांना किती अवघड गेले असेल, हे यावरून समजते.

एकोणिसाव्या शतकात रस्ते आले आणि दगडाची मागणी बदलली. चिऱ्याबरोबर खडी लागू लागली. रस्तेबांधणीच्या मॅकॅडमच्या पद्धतीत रस्त्यावरचा खडा सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नको असे. गाडीवाट म्हणून बोरघाट १८३० मध्ये खुला झाला, आणि पुढच्या शंभर वर्षांत अशा प्रत्येक रस्त्यामागे ऊन-वाऱ्यात बसून हातोडीने दगड फोडणारी माणसे होती. दुष्काळात त्यांची संख्या कैक पटींनी वाढे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत खडी फोडणे हे सरकारी मदतकार्यातले नेहमीचे काम होते. १९७२ च्या दुष्काळातही गावोगावच्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी खडीच्या ढिगाऱ्यांवर दिवस काढले. ज्या हातांना नांगर आणि खुरपे ठाऊक होते, त्यांत एकाएकी हातोडी आली.

खडी फोडण्यातला मुख्य धोका डोळ्याला. बेसॉल्टची कपची काचेइतकी धारदार असते. ती बुबुळावर बसली की आधी नुसते टोचते, पाणी येते. पदराच्या टोकाने ती काढली जाते आणि काम पुढे चालू राहते. दोन दिवसांनी डोळा लाल होतो, जखम चिघळते, आणि बरी झाली तरी मागे पांढरा डाग ठेवून जाते. गावाकडे त्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. त्या डोळ्याची नजर बहुधा कायमची अधू होते. युरोपात खडी फोडणारे बारीक तारेच्या जाळीचे चष्मे वापरत. ते स्वस्त होते, घामाने धुरकट होत नसत आणि कपची अडवत. आपल्याकडे दुष्काळी कामावर असा चष्मा ही नेहमीची गोष्ट कधीच झाली नाही. मजूर बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळत. डोळ्यांसाठी मान किंचित वळवून मारण्याखेरीज उपाय नव्हता.

सुरुंगाच्या दारूने खाणीचा सगळा हिशेब बदलला. पश्चिम भारतात तिचा फार मोठा वापर रेल्वेच्या घाटकामात झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे बोरघाटातील काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढणीत पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ च्या आरंभी तिथे चाळीस हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी कामावर होती. काही कडे इतके सरळसोट होते की भोके पाडणाऱ्या माणसांना दोराने बांधून खाली सोडावे लागे. या घाटात हजारोंनी माणसे मेली. सर्वांत मोठा मारेकरी कॉलरा होता. साथ आली की तळच्या तळ ओस पडत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि ठेका त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे चालवला. त्याचा मृत्यू नावानिशी नोंदला गेला. मजुरांचे मृत्यू साथीच्या आणि मजूरटंचाईच्या चर्चेत विरून गेले. सुरुंगाने किती मेले आणि आजाराने किती, हे वेगळे काढण्याची तसदी घेतली गेली असती, तर सुरुंगाच्या पद्धतीत काय चुकते आहे हे त्याच वेळी ध्यानात आले असते.

त्या पद्धतीत काय चुकत होते, हे कामाचा क्रम पाहिला की कळते. एक माणूस पहार उचलून एकाच जागी आपटतो, दर ठोक्याला ती थोडी फिरवतो, भोकात पाणी ओततो आणि साचलेला चिखल लांब दांड्याच्या पळीने काढतो. हातभर भोक पाडायला कित्येक तास जातात. मग भोक कोरडे करून त्यात दारू भरायची, वात सोडायची आणि वरून माती ठासायची. ठासायला हाताशी असते ती तीच लोखंडी पहार. लोखंड आणि बेसॉल्ट घासले की ठिणगी पडते. ठासता ठासता बार उडाला तर वाकून उभ्या असलेल्या माणसाचे हात आणि चेहरा त्याच्या तोंडी सापडतात. लाकडी दांडा वापरला तर हा अपघात जवळजवळ नाहीसा होतो. हे खूप आधीपासून ठाऊक होते, पुढे नियमांतही आले. तरी लोखंडी पहारीने ठासण्याची सवय लवकर सुटली नाही, कारण लाकडी दांडा झिजतो आणि तो नवा आणून देणे ठेकेदाराच्या हिशेबात बसत नाही.

वातीचा प्रश्न इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्डने १८३१ मध्ये पुष्कळसा सोडवला. तागाच्या दोऱ्यांत दारूची बारीक धार गुंफून, डांबराने माखलेली त्याची वात ठरावीक वेगाने जळे. आजची वातही मीटरला साधारण शंभर ते एकशेवीस सेकंद घेते. किती लांब वात कापली म्हणजे पळायला किती वेळ मिळेल, हे आता आधी मोजता येऊ लागले. १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. ते दारूपेक्षा कैक पटींनी जोरदार होते आणि ते उडवण्यासाठी टोपी, म्हणजे डिटोनेटर, लागे. ठासतानाच्या ठिणगीची भीती कमी झाली. त्याऐवजी बोटभर लांबीची टोपी खिशात, पिशवीत, घरच्या कोनाड्यात राहू लागली. दातांनी टोपी दाबून वातीला बसवण्याची घातक रीत जगभरच्या खाणींत होती. शिवाय नायट्रोग्लिसरीनच्या वाफेने डोके भयंकर दुखे आणि उन्हाळ्यात जुन्या कांड्यांतून ते पाझरे. भारतात अशा स्फोटकांचे उत्पादन २००४ पासून थांबले. इमल्शन स्फोटके आली आणि ती हाताळायला बरीच कमी धोक्याची आहेत.

स्फोटक कोणतेही असो, न उडालेला बार मात्र आजही तितकाच भयंकर आहे. दहा भोके भरली, वाती पेटवल्या, माणसे आडोशाला गेली आणि आवाज नऊच आले. दहावी वात ओली असेल, मधेच तुटली असेल किंवा अजून आत जळत असेल. अशा वेळी ठरलेला वेळ थांबायचे, त्या भोकातली माती उकरायची नाही, बाजूला सुरक्षित अंतरावर नवे भोक पाडून तो बार उडवायचा, हा नियम आहे. म्हणूनच बार मोजणारा माणूस हा खाणीतला सर्वांत जबाबदारीचा माणूस. दुसरा सापळा म्हणजे बार उडून गेल्यावर उरलेला भोकाचा तळ. तयार भोक दिसले की त्यातच पुढे पहार चालवण्याचा मोह होतो, कारण हातभर मेहनत वाचते. त्या तळाशी न पेटलेले स्फोटक उरलेले असू शकते. खाणीतून दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावून परतलेल्या माणसांच्या कहाण्यांत ही दोन कारणे पुन्हा पुन्हा येतात.

कायदा टप्प्याटप्प्याने आला. स्फोटकांचा कायदा १८८४ चा. त्याची अंमलबजावणी पाहणारे केंद्रीय खाते आज नागपुरातून चालते. खाणींसाठी पहिला कायदा १९०१ मध्ये झाला. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत मनाई केली, १९३५ मध्ये ही मर्यादा पंधरावर गेली आणि १९८३ च्या दुरुस्तीने अठरावर. आजच्या व्यवस्थेचा पाया १९५२ चा खाण कायदा आणि १९६१ चे धातुखाण विनियम यांनी घातला. कोळसा आणि सोन्याच्या खाणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या या चौकटीत साधी दगडखाण कुठे बसते, हे कलम ३ ठरवत होते. मुरूम, रेती, बांधकामाचा दगड, खडी काढणाऱ्या उघड्या खाणीला बहुतेक तरतुदींतून सूट होती. मात्र त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पाळायच्या : खोली सहा मीटरच्या वर नको, एका दिवशी पन्नासहून अधिक माणसे नकोत आणि स्फोटके मुळीच नकोत. यातली एक अट मोडली की ती पूर्ण अर्थाने खाण. बेसॉल्टची खाण सुरुंगाशिवाय क्वचितच चालली आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रातल्या बहुतेक दगडखाणी आरंभापासून खाणीच होत्या.

खाण म्हटली की मग पुढचे सारे लागू होते. कठीण दगडात पायऱ्या पाडूनच खोदायचे आणि पायरीची उंची सहा मीटरच्या वर न्यायची नाही. कड्याचा पाया पोखरून वरचा भाग लोंबता ठेवायचा नाही. बार उडवण्याआधी ३०० मीटरच्या परिघातून सर्वांना हलवायचे, सूचना द्यायची, वाटांवर माणसे उभी करायची. सुरुंग लावणारा परवानाधारक असावा. १९५५ च्या खाण नियमांनुसार कामगाराची वैद्यकीय तपासणी, १९६६ च्या नियमांनुसार कामावर येण्यापूर्वी प्रशिक्षण. यातली पायरीची अट सर्वांत मोलाची, आणि सर्वांत जास्त मोडली गेलेलीही तीच. पायऱ्या पाडायच्या तर वरचा दगड आधी काढावा लागतो, जागा जास्त लागते आणि हाती माल उशिरा येतो. भाडेपट्ट्याच्या लहान जागेत सरळ खाली उतरत जाणे स्वस्त पडते. मग वीस-पंचवीस मीटरचा उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी दगड फोडणारी माणसे हे चित्र शहरांभोवतीच्या खाणींत नेहमीचे झाले.

याचे एक कारण कारभाराच्या विभागणीत आहे. बांधकामाचा दगड हे गौण खनिज. १९५७ च्या खनिज कायद्याने त्याच्या परवान्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यामुळे परवाना आणि स्वामित्वधन महसूल खात्याकडे, तर सुरक्षा धनबादला मुख्यालय असलेल्या केंद्रीय खाणसुरक्षा संचालनालयाकडे. तलाठी आणि तहसीलदार दगड ब्रासमध्ये मोजतात. किती ब्रास निघाला आणि किती भरला, याची चौकशी वारंवार होते. कडा किती उंच झाला हे पाहणारा निरीक्षक दूरच्या शहरातून कधी तरी येतो. दगडाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा गावात आणि माणसाचा हिशेब ठेवणारी जिल्ह्याबाहेर, ही मांडणीच चुकीची होती आणि तिची किंमत मजुरांनी मोजली.

मजुराच्या नोंदीचे तसेच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, दोष कुणाचा याची फारशी चर्चा न करता. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचे कमाईच्या क्षमतेतील प्रमाण ठरलेले होते. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के, पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के. आकडे स्पष्ट होते. पण भरपाई मागायची तर आधी आपण कामगार आहोत हे दाखवावे लागते. खाणीत मजूर मुकादमाच्या हाताखाली, उचल घेऊन, मालावर मजुरी ठरवून येतो. अनेक ठिकाणी नवरा-बायको मिळून एकच मजुरी धरतात आणि बाईचे नाव कुठेच लागत नाही. हजेरीपट नसेल तर अपघातानंतर मालकाचा नकार पुरेसा ठरतो. किरकोळ रकमेत किंवा दवाखान्याच्या खर्चात मिटवलेले प्रकरण मग अपघातांच्या आकडेवारीतही येत नाही.

ही कोंडी न्यायालयात फुटली ती हरियाणातील फरीदाबादच्या दगडखाणींवरून. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने पाठवलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. वेठबिगारीच्या संदर्भात तो निकाल प्रसिद्ध आहे. त्यातला दुसरा भाग दगडखाणींसाठी तितकाच महत्त्वाचा होता. या दगडखाणी खाण कायद्याखालच्या खाणीच आहेत, सूट त्यांना लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. क्रशरची धूळ दाबण्यासाठी पाणी शिंपडण्याची किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची सोय, पिण्याचे स्वच्छ पाणी, प्रथमोपचार आणि औषधपाणी यांविषयी निर्देश दिले. कायदा आधीपासून होता. तो दगडखाणीला लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९८३ साल उजाडले.

त्या निकालात क्रशरचा उल्लेख येतो, कारण तोवर खडी यंत्राने फुटू लागली होती. जबड्यासारखा हलणारा क्रशर अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक याने १८५८ मध्ये पेटंट केला. रस्त्यासाठी खडी हाताने फोडण्यात किती श्रम जातात हे पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. क्रशरने डोळ्यांच्या जखमा कमी केल्या यात शंका नाही. नव्या जखमा वेगळ्या होत्या. जबड्यात दगड अडकला की चालू यंत्रात पहार घालून तो सोडवायचा, आणि दगड सुटताना पहार उलटी उसळते. पट्ट्याच्या पुलीत ओढणी, पदर किंवा सैल बाही अडकते. पुलीभोवती जाळी बसवली आणि अडथळा काढताना यंत्र बंद ठेवले, तर हे दोन्ही प्रकार टळतात. हातातल्या जॅकहॅमरने बोटांना बधिरता आणि कानांना बहिरेपण आणले. अशा यंत्राच्या कंपनाने बोटे पांढरी पडतात, हे अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या बेडफर्ड गावातील चुनखडी कापणाऱ्यांची पाहणी करून दाखवून दिले होते.

धुळीविषयी थोडे सावधपणे बोलायला हवे, कारण सगळ्या दगडांची धूळ सारखी नसते. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग मोकळ्या स्फटिकरूप सिलिकाच्या बारीक कणांनी होतो. राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत त्याने हजारो कुटुंबे उद्ध्वस्त केली. बेसॉल्टमध्ये सिलिका वजनाने निम्म्याच्या आसपास असली तरी ती इतर खनिजांत बांधलेली असते आणि मोकळे क्वार्ट्झ फार थोडे. म्हणून दख्खनच्या क्रशरवर सिलिकोसिसचे प्रमाण तुलनेने कमी असणे साहजिक आहे. धूळ निरुपद्रवी मात्र नाही. जुनाट खोकला, दमा आणि क्षयाच्या जोडीने ती माणूस खंगवते. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात निघणारी सिलिका वाळू अगदी वेगळ्या जातीची आहे, तिथे सिलिकोसिसचा धोका गृहीत धरूनच काम व्हायला हवे. कोरडे भोक पाडू नये, पाण्याच्या धारेबरोबर पाडावे, हा उपाय सगळीकडे चालतो. पोकळ पोलादी दांड्यातून पाणी सोडणारे ड्रिल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले होते. दुष्काळी दख्खनमध्ये ते पाणी कुठून आणायचे, ही खाणमालकाची जुनी सबब आहे. टँकरचा खर्च उत्पादनखर्चात धरला तर ती उरत नाही.

गेल्या तीस वर्षांत शहरे फुगली आणि पुण्याजवळ वाघोली-मोशी, नवी मुंबईच्या डोंगरउतारावर तुर्भे, कोल्हापूरजवळ टोप-संभापूर अशा ठिकाणी खाणींचे पट्टे वाढले. खडीचा उपसा आता एक्स्कॅव्हेटर, ब्रेकर आणि डंपर करतात. माणसे घटली, तशी अपघातांची तऱ्हाही बदलली. मागे येणारा डंपर आणि काठाची माती खचून खाली जाणारे यंत्र ही नवी कारणे झाली. काठाला मातीचा बंधारा घालणे आणि मागे येताना वाजणारा भोंगा हे त्यावरचे साधे उपाय. स्फोटकांच्या साठ्याचा धोका वस्तीपर्यंत पोहोचला. मध्य प्रदेशातील पेटलावद येथे १२ सप्टेंबर २०१५ रोजी भर वस्तीत साठवलेल्या कांड्यांचा स्फोट होऊन कित्येक डझन माणसे मेली. कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथे २१ जानेवारी २०२१ च्या रात्री खाणीपाशी स्फोटके भरलेली गाडी उडाली.

खाणीच्या कुशीत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. आईबाप दगड फोडतात तिथेच ती वाढतात, बारच्या वेळी त्यांना शोधून हलवावे लागते. वाघोलीच्या ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून खाणीच्या आवारातच पाषाण शाळा चालवल्या. शाळा म्हणून त्यांचे महत्त्व आहेच, शिवाय दिवसाचे काही तास मूल कड्यापासून लांब, एका ठाऊक जागी असते. सुरक्षेच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

२०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत १९५२ चा खाण कायदाही सामावून घेण्यात आला. पण कायदा कोणताही असो, खाण बंद झाली तरी तिची जोखीम उरते. माल संपला, पट्टा सोडला, की उभ्या कड्यांच्या खोल खड्ड्यात पावसाचे पाणी साठते. त्याला उतार नसतो, पायऱ्या नसतात, एक पाऊल पुढे टाकले की तळ लागत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जुन्या चिरेखाणींपासून शहरांच्या कडेच्या खडीच्या खाणींपर्यंत, पोहायला आणि कपडे धुवायला गेलेली मुले व बाया अशा पाण्यात बुडतात. पट्टा सोडण्याआधी काठाला कुंपण घालणे आणि कडा उतरता करणे ही मालकाची जबाबदारी आहे. ते झाल्याशिवाय अनामत परत न देणे महसूल खात्याच्या हातात आहे.